हप्ता महिन्याला, बेदाणा वर्षाला: परदेशी पदवीच्या एका निवडीचं प्रकरण

राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सात शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. फाइलमध्ये अभ्यासक्रमाचं नाव असायचं, फी असायची, तारण असायचं, जामीनदार असायचा. पण मुलाला तिकडे नोकरी लागली नाही आणि तो परत आला, तर हप्ता कोण, कुठल्या महिन्यात, कशातून भरणार, हा रकाना आमच्या एकाही फॉर्मवर नव्हता. तो रकाना मी पहिल्यांदा हाताने आखला तो निवृत्तीनंतर, मे २०२५ मध्ये, तासगाव तालुक्यात आक्काच्या घरी सोप्यावर बसून, माझ्या भाचीसाठी. तिची आणि घरच्यांची संमती घेऊन हे प्रकरण मांडतो आहे. माणसांची, बँकांची आणि विद्यापीठांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

भाची बीकॉम. २०२३ पासून न्हावा शेवा बंदराजवळ एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात कामाला, पगार ३२ हजार. शिपिंग बिल भरणं, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर पाठपुरावा, माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटो सर्टिफिकेट, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजात माल चढल्याच्या पावतीचा मसुदा तपासणं, ही तिची रोजची कामं. तिला पुढे आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिकायचा होता, आणि त्यामागे परदेशाची हौस नव्हती. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. ते वाढरोधक, आपल्याकडे सीसीसी म्हणतात ते. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणी-प्रणालीवर बागांची नोंद होती, तपासणीचे अहवाल होते, पण ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत हे नावच नव्हतं. दाजींचाही माल त्यात गेला. त्यानंतर त्यांनी निर्यातीची द्राक्षं सोडली आणि बेदाणा धरला. तेव्हा आठ-नऊ वर्षांची असलेली पोरगी आज म्हणते, “मामा, माल आपण पाठवतो, पण तो घेणारा माणूस काय बघून घेतो हे आपल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ती बाजू शिकायचीय.”

पदवीची किंमत कशाशी तोलायची, हे तिच्या या एका वाक्यानं ठरवून टाकलं. नुसत्या पगाराशी तोलून भागणार नव्हतं.

एजंटाचा कागद

मे महिन्यात तिच्या हातात इंग्लंडमधल्या, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर होतं. एका वर्षाचं एमएस्सी, इंटरनॅशनल बिझनेस. फी १९,५०० पाऊंड, त्यातून ३,००० ची शिष्यवृत्ती वजा. सांगलीतल्या एजंटानं दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एकूण खर्च २२ लाख. डिपॉझिट भरायला तीन आठवड्यांची मुदत.

एजंटाशी माझं भांडण नाही. तो विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही, त्याला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, म्हणून तो त्याच्या यादीतलीच विद्यापीठं दाखवतो. पण त्या २२ लाखांत काय धरलंय हे कागदावर कुठेच नव्हतं, म्हणून आम्ही वही घेतली. हिशोबाला पाऊंड ११५ रुपये धरला.

फी १६,५०० पाऊंड. लंडनबाहेर राहण्यासाठी व्हिसाच्या नियमात तेव्हा महिना १,१३६ पाऊंड दाखवावे लागत, तेही नऊ महिन्यांचे, म्हणजे १०,२२४ पाऊंड, आणि ते खात्यात सलग २८ दिवस पडून असायला हवेत. पण पोरगी नऊ महिने जेवून उरलेले तीन महिने उपाशी राहणार नाही. बारा महिन्यांचे १३,६३२ धरले. व्हिसा ५२४. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६, पण अभ्यासक्रमानंतरचे काही महिने व्हिसात धरलेले असल्यानं दीड वर्षाचा भरावा लागतो, १,१६४. बेरीज ३१,८२० पाऊंड, म्हणजे ३६ लाख ५९ हजार. त्यात तिकीट, टीबीची तपासणी, आयईएलटीएस, थंडीचे कपडे यांचे लाखभर.

मग मी विचारलं, शिक्षण संपल्यावर राहायचं कशाच्या जोरावर? ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसावर. त्याची फी तेव्हा ८८० पाऊंड, आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे २,०७०. हे सगळे एकदम, अर्ज करतानाच, नोकरी लागायच्या आधी. सव्वातीन लाखांच्या वर. एजंटाच्या कागदावर ही ओळच नव्हती. २२ लाखांचे ४१ लाख झाले. दाजी काही बोलले नाहीत, तंबाखूची डबी उघडून तशीच बंद केली.

माझ्या टेबलावरून गेलेल्या किती फाइलींमध्ये ही ओळ कमी होती, कोण जाणे. पोरं तिकडून फोन करायची, “साहेब, आणखी तीन लाख वाढवून मिळतील का?” तेव्हा मला ती उधळपट्टी वाटायची.

मागून पुढे मोजणं

सगळे जण पदवीचा हिशोब पुढून करतात: फी किती, पगार किती. मी तिला मागून करायला लावला. ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, शिक्षणाचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं. त्या दोन वर्षांचं सरळव्याज चढून मुद्दल होतं ३६ लाख ३० हजार. दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ४९ हजार. सगळं कर्ज पहिल्या दिवशीच उचललं असं धरून हा आकडा काढलाय, म्हणजे वाईटात वाईट. टप्प्याटप्प्यानं उचललं तर थोडा कमी येईल.

आता तिकडची बाजू. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्करचा व्हिसा हवा. नवख्यांसाठी पगाराची किमान अट तेव्हा ३०,९६० पाऊंड होती. त्याच वर्षी जुलैच्या २२ तारखेपासून ती ३३,४०० झाली आणि कामही पदवीधराच्या पातळीचंच हवं असा नियम आला. ३३,४०० चा पगार लागला तर कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन महिन्याला सुमारे २,३०० पाऊंड हातात येतात. राहणं-खाणं १,३०० मध्ये भागवलं तर हजारभर पाऊंड उरतात आणि ४९ हजारांचा हप्ता बिनधास्त निघतो. लागला तर. आणि नाही लागला तर? पुण्यात किंवा मुंबईत तिच्या अनुभवाला ५०-५५ हजार मिळतील असा माझा अंदाज. त्यातले ४९ हजार बँकेचे.

याच ठिकाणी दाजी पहिल्यांदा बोलले. “पाव्हणं, हप्ता महिन्याला येतोय. बेदाणा वर्षाला येतोय.”

एकतीस वर्षांत शेतकऱ्याच्या घरातल्या शैक्षणिक कर्जाविषयी याहून नेमकं मी काही ऐकलं नाही. बेदाण्याचे पैसे हंगामानंतर येतात. भाव पडलेला असेल तर माल कोल्ड स्टोरेजला जातो आणि दिवाळीपर्यंत वाट बघतो. ऑक्टोबरात फळछाटणी येते तेव्हा मजुरी, औषधं, खतं सगळं एकदम अंगावर येतं आणि घरातली रोकड तळाला जाते. परतफेडीचं वेळापत्रक नोकरदाराच्या पगारावर बेतलेलं असतं, बागेच्या नाही.

तारणाचं दुखणंही शेतकऱ्याचंच. एजंट म्हणाला होता, “तुमच्याकडं साडेतीन एकर बाग आहे, कर्ज झटक्यात होईल.” होत नाही. कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमीन त्या वसुलीतून वगळलेली आहे, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सातबारा सहसा घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव मागतात. यांच्याकडे तसं एकच होतं: आक्काच्या नावावरचं राहतं घर. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते म्हणतात, तीही जुन्या करप्रणालीत आणि आठ वर्षांपुरती. पण दाजींचं उत्पन्न शेतीचं, आयकरच नाही, मग वजावट कशातून करायची? राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या अटींतही हे प्रकरण बसत नव्हतं.

बाकीचे पर्याय

अमेरिका आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवली. फी मोठी, आणि एसटीईएममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणितात न मोडणाऱ्या अभ्यासक्रमाला ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, फक्त बारा महिने.

आयआयएफटीचा विचार मात्र मनापासून झाला. १९६३ मध्ये स्थापन झालेली, हाच विषय शिकवणारी केंद्र सरकारची संस्था. प्रवेश आता कॅटवर, फी वीस लाखांच्या पुढे. तिथला नंबर लागला असता तर मी परदेशाचं नाव काढू दिलं नसतं. तिचा कॅटचा स्कोअर तेवढा नव्हता, आणि नोकरी करत पुन्हा तयारी करायला ती राजी नव्हती. पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा दोन वर्षांचा एमबीए होता, वसतिगृहासह २३ लाखांच्या घरात. त्यांच्या प्लेसमेंट अहवालात सरासरी पगार मोठ्या अक्षरात होता. मध्यक पगार आम्हाला फोन करून मागावा लागला. दोन-चार जणांना गलेलठ्ठ पॅकेज मिळालं की सरासरी फुगते, मधल्या मुलाला काय मिळालं ते मध्यकच सांगतो. शिवाय आलेल्या कंपन्यांत बँका, आयटी आणि साबण-बिस्किटवाले भरपूर, निर्यातीचं काम देणारे शोधावे लागले.

क्रमवारीबद्दलही सांगायला हवं, कारण भाचीनं फायनान्शियल टाइम्सची मॅनेजमेंटची यादी पुढे ठेवली होती. त्या यादीतले पगार पदवीनंतर तीन वर्षांचे असतात आणि क्रयशक्तीच्या प्रमाणात डॉलरमध्ये फिरवलेले असतात. म्हणजे पुण्यातले दहा लाख तिथे बँकेच्या विनिमय दरापेक्षा कितीतरी मोठे दिसतात. संस्थांची तुलना करायला हे रास्त आहे. हप्ता मात्र क्रयशक्तीच्या डॉलरांत भरता येत नाही.

राहिली जर्मनी. “जर्मनी फुकट आहे” हे वाक्य मी टेबलावर शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते अर्धंच खरं आहे. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सहामाही ४,००० ते ६,००० युरो लावले. भाचीच्या मनातले अभ्यासक्रम बाडेन-व्युर्टेम्बर्गमधलेच निघाले. युरो १०० रुपये धरून मांडलं: चार सहामाहींची फी ६,०००, सत्रशुल्क ७०० च्या आसपास, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चासाठी आधी भरायचं, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाला ११,९०४ प्रमाणे दोन वर्षांचे २३,८०८, व्हिसा ७५. साडेतीस लाख झाले. भारतातल्या पदवीची पडताळणी करणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार, तिकीट, भाषेच्या परीक्षा धरून ३२ लाखांना टेकलं. वर एक जादा वर्ष, म्हणजे तिचा इथला पावणेचार लाखांचा पगारही बुडाला.

भाचीचा चेहरा उतरला. “मग फरक काय राहिला मामा?”

फरक पैशाच्या चालीत होता. इंग्लंडचे पैसे पहिल्या काही महिन्यांतच विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या खात्यात जातात. जर्मनीतले बहुतेक पैसे तिच्याच नावावरच्या खात्यात पडून राहतात आणि दरमहा ९९२ युरो तिच्याच हातात येतात. पहिल्या वर्षाची रक्कम घेऊन निघता येतं, दुसऱ्या वर्षाची तयारी तिथे राहून करता येते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, २०२५ मधली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो. ८,००० युरो मिळवायला सव्वासहाशे तास लागतात, तेही सगळ्या मुदतीत मिळून. इंग्लंडातही सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रबंध, नोकरीचे अर्ज आणि दुकानातलं काम एकाच वेळी येऊन आदळतं.

घरचे सहा लाख, कर्ज अठरा लाख, उरलेले आठ तिथल्या कामातून. अठरा लाखांवर दोन वर्षं शिक्षणाची आणि एक सवलतीचं, असं तीन वर्षांचं व्याज चढवलं तरी हप्ता ३२ हजार. परत यावं लागलं तर ५०-५५ हजारांतून तो ओढत-ओढत का होईना निघतो.

विषयांची यादी

पैशापेक्षा मला जास्त बोलकं वाटलं ते अभ्यासक्रमाचं पान. इंग्लंडच्या यादीत ग्लोबल स्ट्रॅटेजी, संस्कृतींमधलं व्यवस्थापन, संशोधन पद्धती आणि प्रबंध. चांगले विषय आहेत, ज्यानं कधी काम केलेलं नाही त्याला उपयोगी पडतील. पण ही पोरगी दोन वर्षं बंदरावर घासलेली. तिनं मला एक किस्सा सांगितला. एका निर्यातदाराच्या एलसीमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या बँकेनं पैशासाठी दिलेल्या हमीपत्रात, माल चढवायची शेवटची तारीख होती, आणि जहाज उशिरा लागल्यानं बिल ऑफ लेडिंगवर त्या तारखेच्या दोन दिवस पुढची तारीख पडली. माल उत्तम, कागद पूर्ण, तरी बँकेनं विसंगती म्हणून कागद अडवले, आणि ग्राहकानं तेवढ्या आधारावर भाव पाडून घेतला. “जहाज निघायच्या आधीच एलसीत दुरुस्ती मागायची असते हे मी तिथे शिकले,” ती म्हणाली. हे ज्याला कळलं त्याला निर्यातीचा अर्धा रस्ता ठाऊक आहे.

तिला ठाऊक नव्हता तो दुसरा अर्धा, खरेदीदाराच्या टेबलावरचा. जर्मनीतल्या मोठ्या किराणा साखळ्या फळांवरच्या औषधांच्या अंशांना कायद्याहूनही कडक स्वतःच्या मर्यादा लावतात. ते कोण ठरवतं, पुरवठादाराची यादी कशी बनते, करार कुठल्या महिन्यात होतात? जर्मन अभ्यासक्रमात कंपनीत जाऊन काढायचे काही महिने होते, आणि ते महिने कुठे काढायचे हे तिच्या मनात आधीच पक्कं होतं. मला वाटतं, या घरासाठी त्या पदवीचं मोल त्या काही महिन्यांत आहे. बाकीचं सगळं त्यासाठीचं प्रवेशशुल्क.

अडचणी होत्याच. पहिली पदवीची. तिथले तीन सहामाहींचे बरेच मास्टर्स २१० क्रेडिटची पदवी मागतात, आपली तीन वर्षांची बीकॉम १८० च्या हिशोबात बसते. म्हणून चार सहामाहींचेच अभ्यासक्रम निवडावे लागले. दुसरी भाषेची. शिकवणं इंग्रजीत असलं तरी ऑफिसात काम जर्मनमध्ये चालतं. जर्मनची तिची ए२ पातळी झाली होती, त्यापुढची बी१ बाकी होती. त्या वर्षीच्या अर्जांची मुदत गाठणं शक्य नव्हतं, म्हणजे एक वर्ष थांबणं आलं.

थांबण्याच्या विरोधातही एक खरा मुद्दा होता, आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणायचा प्रस्ताव मेमध्येच जाहीर झाला होता. पुढे तारीखही ठरली, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना. सप्टेंबर २०२५ ला गेली असती तर तिला पूर्ण दोन वर्षं मिळाली असती. आज थांबून पुढच्या वर्षी पुन्हा इंग्लंडकडे वळली तर सहा महिने कमी. तो दरवाजा अर्धा लावूनच ती थांबणार होती. रात्री उशिरापर्यंत ती आणि आक्का माजघरात बोलत बसल्या. सकाळी तिनं विद्यापीठाला नकाराची मेल केली. डिपॉझिट भरलेलंच नव्हतं, त्यामुळे बुडालं काही नाही.

हप्त्याची तालीम

त्या एका वर्षात काय करायचं, यावर मी एक गोष्ट सुचवली. आता माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येक घराला ती सांगतो. कर्ज घ्यायच्या आधी हप्ता भरून बघा. जुलै २०२५ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला ३२ हजार रुपये एका वेगळ्या खात्यात, कर्ज सुरू झालंय असं समजून. तिच्या पगारातून चौदा, घरातून अठरा.

जुलै भरला. ऑगस्ट भरला. सप्टेंबरला दाजींनी दोन दिवस उशीर केला, पण भरला. ऑक्टोबरात छाटणी आली आणि खातं कोरडं राहिलं. नोव्हेंबरही तसाच गेला. त्या दोन महिन्यांत भाचीनंही तिचे चौदा हजार घरीच पाठवले, मजुरांचे पैसे द्यायचे होते. डिसेंबरपासून पुन्हा सुरळीत. फेब्रुवारीअखेर आठपैकी सहा हप्ते, १ लाख ९२ हजार रुपये.

मला ही तालीम यशस्वी वाटली, आणि ती त्या दोन चुकलेल्या महिन्यांमुळेच. कर्ज खरं असतं तर दोन हप्ते थकलेलं खातं म्हणून घरी नोटीस आली असती आणि तिसऱ्या महिन्यात ते एनपीएच्या, म्हणजे बुडीत ठरण्याच्या उंबरठ्यावर असतं. आता घराला नेमकं कळलं की कमी कुठे पडतं: रक्कम झेपते, महिना झेपत नाही. बँकेच्या व्यवस्थापकांशी मी बोललो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सहामाही करून देता येणार नाही, पण खात्यात आगाऊ रक्कम ठेवून त्यातून हप्ते वळते करायला हरकत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची सोय हंगामातच करून ठेवायची.

डिसेंबरात भाचीची बी१ झाली. एपीएस आलं. चार अभ्यासक्रमांना अर्ज गेले आहेत, निकाल अजून यायचेत.

मार्चमध्ये दाजींचा पहिला बेदाणा तासगावच्या सौद्याला लागला. संध्याकाळी मी तिथेच होतो. दाजींनी आडत्याची पट्टी आक्काकडे दिली, नोटांतले चौसष्ट हजार मोजून वेगळे काढले आणि भाचीच्या पुढ्यात ठेवले. म्हणाले, “हे ऑक्टोबर अन् नोव्हेंबर.”